मॉफेट फील्डखालचे पाणी आणि लांबणीवर पडणारा लष्करी हिशेब

सॅन होजेहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाले की माउंटन व्ह्यूजवळ महामार्ग १०१ च्या उजव्या हाताला एक प्रचंड कमानदार इमारत दिसू लागते. सुमारे साडेअकराशे फूट लांब आणि जवळपास दोनशे फूट उंच असा हा ‘हँगर वन’ अमेरिकी नौदलाने १९३० च्या दशकाच्या आरंभी ‘मेकन’ या महाकाय वायुनौकेसाठी उभारला. वायुनौका १९३५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळली. हँगर मात्र राहिला. सनीव्हेल, कुपर्टिनो, माउंटन व्ह्यू या पट्ट्यात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना ही इमारत रोजच्या वाटेवरची खूण म्हणून परिचित आहे. तिच्या सभोवतालच्या जमिनीखाली गेली चार दशके चाललेले काम तेवढे परिचित नाही. मॉफेट फील्ड हा पूर्वीचा नौदल हवाई तळ १९८७ पासून अमेरिकेच्या ‘सुपरफंड’ यादीत, म्हणजे देशातील सर्वाधिक प्रदूषित स्थळांच्या राष्ट्रीय प्राधान्यसूचीत आहे. त्या सूचीतून त्याचे नाव अद्याप निघालेले नाही.

मॉफेटचा विषय आज काढण्याचे कारण वॉशिंग्टनमध्ये घडलेल्या घडामोडींत आहे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, पिण्याच्या पाण्यातील ‘पीफास’ गटातील काही रसायनांवर प्रथमच देशव्यापी बंधनकारक मर्यादा घातली. त्यांपैकी पीएफओए आणि पीएफओएस या दोन रसायनांसाठी ती लिटरमागे अवघी ४ नॅनोग्रॅम आहे. लष्करी विमानतळांवर इंधनाची आग विझवण्यासाठी जो फेस अर्धशतकाहून अधिक काळ वापरला गेला, त्यात हीच रसायने होती. मे २०२५ मध्ये ईपीएने या दोहोंची मर्यादा कायम ठेवण्याचे, परंतु तिच्या पालनाची मुदत २०२९ वरून २०३१ पर्यंत नेण्याचे व सोबतच्या अन्य रसायनांवरील मर्यादा मागे घेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी संरक्षण खात्याच्या सुधारित वेळापत्रकांत अनेक तळांवरील तपासणीची आणि सफाईची कामे कित्येक वर्षे पुढे गेल्याचे दिसून आले. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२५ च्या अहवालानुसार, पीफासच्या तपासणीवर आणि सफाईवर पुढील काळात होणाऱ्या खर्चाचा संरक्षण खात्याचा स्वतःचा अंदाज ९३० कोटी डॉलरच्या वर गेला असून २०२२ च्या तुलनेत तो तिपटीहून अधिक आहे.

खर्चाचा अंदाज फुगत असताना काम मागे पडणे, हा प्रकार अंदाजपत्रकाच्या भाषेत शहाणपणाचा वाटू शकतो. भूजलाच्या बाबतीत तो शहाणपणाचा ठरत नाही. जमिनीखालचे प्रदूषण जागच्या जागी थांबून वाट पाहत नसते आणि मॉफेटचा चाळीस वर्षांचा अनुभव म्हणजे या एका वाक्याचाच विस्तार आहे.

कुंपण न मानणारे पाणी

मॉफेटच्या जमिनीत जे मुरले, त्यातील मुख्य पदार्थ ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई. विमानाच्या सुट्या भागांवरील तेलकटपणा काढण्यासाठी हे द्रव लष्करी कार्यशाळांत वर्षानुवर्षे वापरले जात असे. तळावरील कपडे धुण्याच्या व ड्रायक्लीनिंगच्या केंद्रातून त्याच जातीचे पर्क्लोरोइथिलीन झिरपले. जमिनीखालच्या टाक्या, विमानाचे इंधन, जुने कचरा डेपो, पावसाच्या पाण्याच्या तळ्यातील पीसीबी हे सारे वेगळेच. त्या काळी वापरलेले द्रव जमिनीवर ओतणे किंवा गळक्या टाकीत साठवणे यात कोणाला काही गैर वाटत नव्हते. ते उडून जाते, असा सार्वत्रिक समज होता. ते थोडे उडाले, बरेचसे खाली गेले.

परंतु हा केवळ नौदलाचा प्रश्न राहिला नाही. महामार्गाच्या दक्षिणेला मिडलफील्ड रोड, एलिस स्ट्रीट आणि व्हिस्मन रोड यांनी वेढलेल्या भागात फेअरचाइल्ड, रेथिऑन, इंटेल यांसारख्या कंपन्या अर्धवाहक चिप तयार करत होत्या. चिपच्या तबकड्या स्वच्छ करण्यासाठी त्यांनाही टीसीई लागत असे. सिलिकॉन व्हॅलीचा उद्योग ‘स्वच्छ’ उद्योग म्हणून गाजला, कारण त्याला धुराडी नव्हती. त्याची घाण जमिनीखालच्या टाक्यांत होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी या टाक्यांची गळती उघड होऊ लागली आणि आज सांता क्लारा या एका काउंटीत २३ सुपरफंड स्थळे आहेत. अमेरिकेतील अन्य कोणत्याही काउंटीत एवढी नाहीत.

येथील उथळ भूजल उत्तरेकडे, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दिशेने सरकते. त्यामुळे कंपन्यांच्या आवारातून निघालेला प्रदूषित पाण्याचा पट्टा महामार्गाखालून पलीकडे गेला, नौदलाच्या हद्दीत शिरला आणि तेथे नौदलाच्या स्वतःच्या टीसीईत मिसळला. रेणूवर मालकाचे नाव लिहिलेले नसते. कोणता कोणाचा, हे ठरवण्यात वकील आणि भूजलतज्ज्ञ यांची बरीच वर्षे गेली. १९८० च्या सुपरफंड कायद्याने जबाबदार पक्षांवर एकत्रित आणि स्वतंत्र असे दोन्ही प्रकारचे दायित्व टाकले आहे. म्हणजे सफाईचा संपूर्ण खर्च त्यांपैकी कोणाही एकाकडून वसूल करता येतो. या कठोर तरतुदीमुळेच मॉफेटच्या दक्षिणेकडील कंपन्या टेबलावर आल्या. जून १९८९ मध्ये ईपीएने त्या भागाच्या सफाईचा आराखडा मंजूर केला. उथळ जलधरात टीसीईचे प्रमाण एक अब्ज भागांत ५ भागांवर आणायचे, असे त्यात ठरले. नौदलाने आपल्या बाजूच्या पश्चिमेकडील पट्ट्यासाठी पाणी उपसून शुद्ध करणारी यंत्रणा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केली.

एक गोष्ट येथेच स्पष्ट केलेली बरी, कारण या विषयाचा उल्लेख झाला की घाबरून विचारला जाणारा पहिला प्रश्न तोच असतो. माउंटन व्ह्यूच्या नळाला येणारे पाणी बहुतांशी सिएरा पर्वतातील हेच हेची जलाशयाचे आहे. हा प्रदूषित उथळ जलधर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत नाही. धोका आहे तो दुसऱ्या वाटेने येणारा.

उपसा कितीही, मुरलेले मुरलेलेच

टीसीई पाण्याहून जड असते. गळती झाली की ते भूजलाच्या पातळीवर तरंगत न बसता खाली उतरत राहते आणि एखाद्या चिकणमातीच्या थरावर साचते. मॉफेटखालची जमीन म्हणजे जुन्या ओढ्यांनी आणून टाकलेली वाळू-रेती व तिच्या अधूनमधून असलेले मातीचे थर. वाळूतून पाणी सहज वाहते. चिकणमातीतून ते जवळजवळ वाहतच नाही, पण रसायन मात्र तिच्यात हळूहळू मुरते. विहिरी खणून पाणी उपसायला लागले की पहिल्या काही वर्षांत वाळूतील टीसीई झपाट्याने कमी होते, आलेख खाली येतो, अहवालांतील भाषा प्रसन्न होते. नंतर आलेख आडवा पडतो. आता चिकणमातीत मुरलेले टीसीई उलट दिशेने वाळूत पाझरू लागलेले असते. तेल मुरलेले मातीचे भांडे कितीही घासले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेलकट लागते, त्यातलाच हा प्रकार. उपसा बंद केला तर पातळी पुन्हा वाढते. म्हणून उपसा चालू ठेवावा लागतो. लावलेल्या पंपाची आयुष्यभराची सोबत होते.

या कोंडीतून मार्ग काढण्याचे प्रयत्न मॉफेटवरच झाले, हे या तळाचे वैशिष्ट्य. १९८० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पेरी मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील जलधरात मिथेन व प्राणवायू सोडून जमिनीतील जिवाणूंकडून टीसीईचे विघटन करून घेण्याचे प्रयोग केले. भूजलाची जैविक सफाई प्रत्यक्ष जमिनीत कशी होते, याच्या पाठ्यपुस्तकी उदाहरणांत ‘मॉफेट’ हे नाव त्यामुळे कायमचे आले. १९९६ मध्ये नौदलाने येथे लोखंडाच्या चुऱ्याची भूमिगत भिंत उभारून पाहिली. दूषित पाणी तिच्यातून वाहत जाताना लोखंडाशी अभिक्रिया होऊन टीसीईतील क्लोरीन सुटते, आणि ना पंप लागतो ना वीज. अशा स्वरूपाची पहिली व्यावसायिक भिंत त्याच्या थोडेच आधी शेजारच्या सनीव्हेलमध्ये बसली होती. जिवाणूंच्या मार्गात एक फट आहे. प्राणवायूविरहित विघटन अर्ध्यावर थांबले तर व्हायनिल क्लोराइड उरते, आणि ते टीसीईहून घातक आहे. तरीही या तंत्रांनी काही ठिकाणी, विशेषतः मूळ गळतीच्या जागी, चांगले काम केले. सारा पट्टा मात्र त्यांनी पुसून टाकलेला नाही.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. सरकारी कागदपत्रांत ‘उपाययोजना कार्यान्वित’ असा एक टप्पा असतो. ऐकणाऱ्याला वाटते काम झाले. त्याचा खरा अर्थ एवढाच, की यंत्र सुरू झाले. ते यंत्र किती दशके चालेल, त्याचे वीजबिल कोणत्या शीर्षाखाली भरले जाईल आणि ते बंद करण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर त्या शब्दांत नसते. कायद्याने दर पाच वर्षांनी आढावा बंधनकारक केला आहे तो यासाठीच. मॉफेटचे असे अनेक आढावे आजवर होऊन गेले.

मोजपट्टीच बदलते तेव्हा

जमिनीखालून वाफ वर येते, ही गोष्ट १९८९ च्या आराखड्यात केंद्रस्थानी नव्हती. टीसीई सहज बाष्परूप होते. उथळ भूजलातून ते मातीच्या पोकळ्यांत आणि तेथून इमारतीच्या लादीतील भेगांमधून आतल्या हवेत शिरते. ऑगस्ट २०१० मध्ये ईपीएने दक्षिणेकडील भागाच्या मूळ निर्णयात सुधारणा करून या शिरकावावर उपाय बंधनकारक केले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०११ मध्ये, टीसीई माणसांत कर्करोग निर्माण करते, असा अंतिम निष्कर्ष ईपीएने जाहीर केला. गर्भाच्या हृदयाच्या विकासावर त्याचा परिणाम होऊ शकतो, हा त्या मूल्यांकनातील भाग अधिक अस्वस्थ करणारा होता. कर्करोगाचा धोका आयुष्यभराच्या संपर्कावर मोजतात. गर्भाच्या बाबतीत काही आठवड्यांचा संपर्कही पुरेसा ठरू शकतो. या निष्कर्षाच्या आधारे ईपीएच्या कॅलिफोर्निया विभागाने २०१४ मध्ये, घरातील हवेत टीसीई घनमीटरमागे २ मायक्रोग्रॅमच्या वर आढळल्यास तातडीने हालचाल करण्याचा दंडक घालून दिला.

या दोन निर्णयांच्या मधल्या काळात एक प्रसंग घडला, जो या भागातील अभियंत्यांना आठवत असेल. २०१२ च्या अखेरीस त्या जुन्या चिप-कारखान्यांच्या जागेवरील गूगलच्या दोन इमारतींत टीसीईचे प्रमाण ईपीएच्या मर्यादेबाहेर गेले. इमारतींच्या वायुवीजन यंत्रणेचे काम चालू होते आणि बाहेरची हवा आत खेळवून वाफेला रोखण्याची व्यवस्था त्या काळात अपुरी पडली. २०१३ च्या आरंभी दोष दूर करण्यात आला. जगातील सर्वांत सधन कंपन्यांपैकी एकीच्या कार्यालयात, देशातील सर्वाधिक तपासलेल्या सुपरफंड स्थळांपैकी एकावर हे घडले. यंत्रणा ठीक चालली की प्रदूषण दिसत नाही. तिची देखभाल चुकली की ते पुन्हा हजर होते.

टीसीईबद्दलचे ज्ञान त्यानंतरही पुढे सरकत राहिले. उत्तर कॅरोलिनातील कँप लजून या मरीन दलाच्या तळावर १९५३ ते १९८७ या काळात सैनिक व त्यांची कुटुंबे टीसीई आणि अन्य रसायनांनी दूषित पाणी पीत होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तेथे राहिलेल्या सैनिकांना पार्किन्सन आजार होण्याचा धोका कॅलिफोर्नियातील कँप पेंडल्टनच्या सैनिकांच्या तुलनेत ७० टक्क्यांनी अधिक आढळला. डिसेंबर २०२४ मध्ये ईपीएने टीसीईच्या उत्पादनावर व वापरावर बंदीचा नियम काढला. तो नंतर न्यायालयीन आव्हानांत आणि पुढे ढकललेल्या तारखांत अडकला.

पीफासच्या बाबतीत मोजपट्टी आणखी वेगाने बदलली. २००९ मध्ये ईपीएची तात्पुरती सल्लावजा पातळी पीएफओएससाठी लिटरमागे २०० आणि पीएफओएसाठी ४०० नॅनोग्रॅम होती. २०१६ मध्ये ती दोहोंसाठी मिळून ७० झाली, २०२४ मध्ये प्रत्येकी ४. चार नॅनोग्रॅम म्हणजे किती, तर ऑलिंपिक स्पर्धेच्या आकाराच्या पाच जलतरण तलावांत एक थेंब. संरक्षण खात्याचे प्रतिनिधी या घसरत्या आकड्यांबद्दल तक्रार करतात, आणि तिच्यात तथ्य नाही असे नाही. ज्याच्या आधारे कंत्राटे दिली, विहिरी खणल्या, लोकांना आश्वासने दिली, तो आकडाच काही वर्षांत कालबाह्य होत असेल तर नियोजन करणार कसे? पण या तक्रारीचे उत्तरही मॉफेटवरच आहे. विज्ञान बदलेल हे गृहीत धरून प्रदूषण लवकर अडवले, तर नंतरच्या कठोर मर्यादेपर्यंत पोचणे तुलनेने सोपे जाते. ते पसरू दिले, तर प्रत्येक नवा आकडा नकाशावरचा दूषित प्रदेश वाढवतो.

जुन्या विद्येचा उपयोग नाही

पीफासची अडचण अशी, की मॉफेटसारख्या ठिकाणी चाळीस वर्षांत जे शिकलो त्यातील बहुतेक तंत्र येथे कुचकामी ठरते. टीसीई पाण्यातून हवा सोडून उडवता येते. पीफासमधील ही प्रमुख रसायने तशी उडत नाहीत. टीसीई जिवाणू खातात. कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध तोडणे त्यांना जवळपास अशक्य. लोखंडाच्या भिंतीचाही उपयोग नाही. उरतो तो सक्रिय कोळसा किंवा आयन-विनिमय रेझिन, आणि तेही रसायन नष्ट करत नाहीत, पकडून ठेवतात. भरलेला कोळसा कोठेतरी न्यावा लागतो. उच्च दाब व तापमानाच्या पाण्यात ते जाळण्यासारखे प्रयोग चालू आहेत, पण सातशेहून अधिक लष्करी ठिकाणांच्या भूजलासाठी ते तंत्र अजून पुरेसे मोठे झालेले नाही.

म्हणजे बाहेर काढणे कठीण, म्हणून पसरू न देणे हेच मुख्य काम. नेमके तेच काम आता लांबते आहे. संरक्षण खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये तळांभोवतीच्या खासगी विहिरींसाठी प्राधान्यक्रम ठरवला: ज्या विहिरींत मर्यादेच्या तिप्पट किंवा अधिक, म्हणजे लिटरमागे १२ नॅनोग्रॅम वा त्याहून जास्त प्रमाण आढळेल, तेथे आधी उपाय. ज्यांच्या विहिरीत ५ किंवा १० आहे, त्यांचे पाणी कायद्याच्या मर्यादेबाहेर आहेच, पण त्यांची पाळी नंतर. वाईट अवस्थेतल्यांना आधी पाणी द्यावे, हे तत्त्व म्हणून योग्य आहे. मात्र मागच्या रांगेला तारीख दिलेली नाही, आणि पुढच्या रांगेचीच वेळापत्रके सरकत आहेत. न्यू मेक्सिकोतील कॅनन हवाई दल तळाशेजारच्या एका दुग्धव्यावसायिकाला, तळावरून आलेल्या पीफासमुळे दूध विकता येईना आणि अखेर साडेतीन हजारांहून अधिक गायींना मारावे लागले. शेजारधर्म पाळण्यात झालेल्या दिरंगाईचा हा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

फेस वापरणे थांबवण्याची कथाही अशीच. १९६७ मध्ये ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजावरील भीषण आगीनंतर नौदलाने या फेसाचा आग्रह धरला, आणि त्याने असंख्य प्राण वाचवले हे नाकारता येत नाही. काँग्रेसने जमिनीवरील तळांवर त्याचा वापर १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत थांबवण्यास सांगितले होते. फ्लोरीनविरहित पर्यायाचे लष्करी मानक जानेवारी २०२३ मध्ये तयार झाले. तरीही कायद्यातील सवलतीचा आधार घेऊन मुदत वाढवली गेली.

आरोपी आणि कारभारी एकच

कंपन्या आणि लष्कर यांच्यातील खरा फरक येथे दिसतो. खासगी कंपनीने सफाई टाळली तर ईपीए तिला आदेश देते, दंड करते, न्यायालयात खेचते. लष्करी तळाच्या बाबतीत १९८७ च्या अध्यक्षीय आदेशाने सफाईचे नेतृत्व त्या त्या लष्करी विभागाकडेच सोपवले आहे. ईपीए देखरेख करते, करारावर सही करते, मतभेद झाला तर वरिष्ठांकडे नेते. पण एका सरकारी खात्याने दुसऱ्या सरकारी खात्याला न्यायालयात खेचायचे नाही, ही न्याय विभागाची जुनी भूमिका आहे. प्रदूषण करणारा, त्याचा तपास करणारा, उपाय सुचवणारा आणि पैसे मागणारा असा एकच हात असतो, आणि पैसे शेवटी काँग्रेस देते.

या रचनेचा ताण २०२४ मध्ये ॲरिझोनातील टूसॉन येथे उघडा पडला. तेथील भूजलातील पीफासबाबत ईपीएने हवाई दलाला उपाययोजनेचा आराखडा करण्याचा आदेश दिला. हवाई दलाने तो देण्याचा अधिकार ईपीएला नाही असे उत्तर पाठवताना सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच वर्षीच्या एका निकालाचा आधार घेतला. तो निकाल सरकारी संस्थांना कायद्याचा अर्थ लावण्यातील मोकळीक कमी करणारा होता. त्याचा वापर एका सरकारी विभागाने दुसऱ्याविरुद्ध करावा, ही कल्पकता वेगळ्याच प्रतीची म्हणावी लागेल.

मॉफेटवर मात्र एक तिसरी शक्ती होती, आणि तिच्यामुळे बरेच घडले. अशा तळांवर नागरिकांचा सहभाग असलेली सल्लागार मंडळे असतात. माउंटन व्ह्यूमधील पर्यावरण कार्यकर्ते लेनी सीगल यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षे त्या बैठकांना बसले, अहवालांतील तक्ते वाचले, बाष्पाच्या शिरकावाचा प्रश्न लावून धरला. सीगल पुढे, २०१८ मध्ये, शहराचे महापौरही झाले. हँगर वन वाचला तोही असाच. त्याच्या बाह्य आवरणात पीसीबी, ॲस्बेस्टॉस आणि शिसे असल्याचे आढळल्यावर नौदलाने संपूर्ण इमारत पाडण्याचा प्रस्ताव ठेवला होता. रहिवाशांनी, निवृत्त नौसैनिकांनी आणि इतिहासप्रेमींनी विरोध केला. अखेर २०११-१२ मध्ये आवरण काढून सांगाडा राखला गेला, आणि २०१४ मध्ये गूगलच्या एका उपकंपनीने तळाची सुमारे हजार एकर जमीन ६० वर्षांसाठी ११६ कोटी डॉलरला भाड्याने घेताना हँगरच्या जीर्णोद्धाराची जबाबदारी उचलली. प्रत्येक तळाच्या वाट्याला असा शेजार येत नाही. ओसाड वाळवंटातील किंवा मिशिगनच्या छोट्या गावाशेजारील तळाला ना अब्जाधीश भाडेकरू मिळतो, ना रात्री बसून भूजलाचे तक्ते वाचणारे अभियंते.

या भागात घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी यातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. कॅलिफोर्नियात विक्रेत्याला ठाऊक असलेले पर्यावरणीय धोके त्याने सांगणे कायद्याने बंधनकारक आहे, पण ‘ठाऊक असलेले’ या शब्दांत बरीच सोय आहे. राज्याच्या जल मंडळाचे ‘जिओट्रॅकर’ आणि विषारी पदार्थ नियंत्रण विभागाचे ‘एन्व्हिरोस्टोर’ हे दोन नकाशे सर्वांना खुले आहेत. पत्ता टाकला की आसपासची नोंदलेली स्थळे व त्यांचे अहवाल दिसतात. लादीखालची हवा ओढून छपरावरून बाहेर सोडणारी नळी आणि पंखा एखाद्या घराला बसवलेला असेल, तर तो घराचा दोष समजून बिचकण्यापेक्षा तो चालू आहे का, त्याची तपासणी कोण करते आणि शेवटची चाचणी कधी झाली, हे विचारावे. शाळेचा दर्जा आणि कार्यालयाचे अंतर ज्या काटेकोरपणे पाहिले जाते, त्याच्या निम्म्या वेळात हे होण्यासारखे आहे.

कारण बांधकाम थांबणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने आणि नासाने मॉफेट परिसरातील ३६ एकरांवर अवकाश संशोधनाचे केंद्र उभारण्याचा प्रकल्प जाहीर केला. नौदल आता तेथे विमाने ठेवत नाही. १९९४ मध्ये त्याने तळ नासाच्या हवाली केला. भूजलाचे दायित्व मात्र नौदलाकडेच राहिले आणि जुन्या टीसीईच्या जोडीला तळावरील पीफासचा तपासही त्याच्याकडे आला आहे. वर्गखोल्या आणि प्रयोगशाळांच्या पायाखाली वाफरोधक पडदा अंथरण्याचे तंत्र आता सर्वांना ठाऊक आहे. पुढील वर्षांच्या संरक्षण अंदाजपत्रकांत जुन्या तळांच्या सफाईचे शीर्ष किती राहते, आणि मॉफेटच्या पीफास-तपासाची तारीख आणखी किती वेळा पुढे जाते, हे मात्र वॉशिंग्टनमध्ये ठरेल.